दया आणि हजेरी



कामगार संघटनेतील माणसाने या व्यासपीठावरून कुत्र्यांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. आमची तक्रार नाही. चार वर्षांपूर्वी आम्हीही हसलो असतो. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. भूतदया म्हणजे पोट भरलेल्यांची करमणूक, असे आमचे पक्के मत होते.

बारामती-इंदापूरचा हा मुलूख उसाचा. दिवाळीच्या सुमारास बीड-अहिल्यानगरकडून तोडणीच्या टोळ्या उतरतात आणि रानात कोप्या उभ्या राहतात. टोळ्यांबरोबर कुत्रीही येतात; दिवसभर माणसे फडात असताना कोपी राखायला दुसरे आहे कोण? मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडतो. मुकादमाच्या ट्रकमध्ये भांडीकुंडी चढतात, पोरे चढतात, शेळी चढते. कुत्र्याला जागा होतेच असे नाही. मग ते मोडलेल्या कोपीच्या राखेजवळ दोनचार दिवस बसून राहते आणि शेवटी भुकेने रस्त्यावर येते. हा रस्ता म्हणजे तुकोबांच्या पालखीची वाट : बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. नामदेवमहाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा या वाटेवरच्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक आहे. ट्रकखाली सापडलेले कुत्रे उचलायला मात्र कोणी थांबत नाही.

अशा कुत्र्यांसाठी या भागात पत्र्याच्या शेडीत चाललेले एक आश्रयस्थान आहे. त्याचे नाव आम्ही घेत नाही, कारण पुढे तक्रारही सांगायची आहे. एका तोडणी कामगाराच्या मुलाला कुत्रे चावले. पोराला वेळेवर लस मिळाली. पण आमचे डोके तापले होते. दहाबारा जण तेथे भांडायला गेलो. तुम्हांला कुत्री प्यारी, आमची पोरे नाहीत काय, असा आमचा सवाल होता.

व्यवस्थापक जागेवर नव्हते. एक मावशी उघड्या हातांनी पिंजरे धूत होत्या आणि त्यांच्या मनगटाला चिंधी बांधलेली होती. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाल्या, ‘‘काय न्हाय अण्णा, काल जरा दात लागला.’’ लस? ‘‘बघू, सवड झाल्यावर.’’

आमचे भांडण तेथेच विरले. मावशींना गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेले. कुत्रे चावले की आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच लस घ्यायची. रोगाची लक्षणे एकदा दिसली की माणूस बहुधा वाचत नाही. पाश्चरने पहिल्या मुलाला लस टोचली ती 1885 साली. कुत्र्यांत रोज वावरणाऱ्याने तर चावण्याआधीच लस घेऊन ठेवावी, असा वैद्यकाचा सल्ला आहे. व्यवस्थापकांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे उत्तर दिले, ‘‘त्या कामगार नाहीत, सेवा करतात.’’

श्रोतेहो, हा ‘सेवा’ शब्द आम्ही आयुष्यभर मालकांच्या तोंडून ऐकला आहे.

1926 साली अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी साठ मोकाट कुत्री मारवली, तेव्हा मोठा गहजब झाला आणि गांधीजींनी मालकाची बाजू घेतली. बेवारशी कुत्र्यापुढे तुकडा टाकून मोकळे होणे ही दया नव्हे, जबाबदारी घ्या, असा त्यांचा रोख होता. मारण्याचा भाग आम्हांला पटत नाही, जबाबदारीचा पटतो. आज मारण्याची गरजही उरलेली नाही. कुत्री धरावी, शस्त्रक्रिया करून वीण थांबवावी, लस टोचावी, कानाला खूण करावी आणि जेथून आणली तेथेच सोडावी, अशी 2023 च्या नियमांची सर्वसाधारण रीत आहे. शंभरांतील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. म्हणजे तोडणीवाल्याच्या पोराचे रक्षण त्या शेडीतच होते. हे आम्हांला भांडायला जाईपर्यंत कळले नव्हते. आणि कडबनवाडीच्या माळावरचे चिंकारा आणि लांडगे विसरू नका. मोकाट कुत्री चिंकाऱ्याच्या मागे लागतात आणि त्यांचे रोग लांडग्यांना जडतात.

आम्ही दर मंगळवारी तेथे जाऊ लागलो. रविवारी स्वयंसेवकांची वाण नसते. मंडळी येतात, पिल्लू मांडीवर घेतात, फोटो काढतात. मावशींच्या शब्दांत सांगायचे तर, ‘‘पिल्लास्नी समदी हायती, हागणदारीला मी एकटी.’’ सोमवारी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीचे टाके पाहायचे असतात, लंगड्याला कुशीवरून वळवायचे असते, उलट्या करणारे पिल्लू बाकीच्यांपासून वेगळे ठेवायचे असते. त्या दिवशी चिटपाखरू नसते. म्हणून आम्ही तेथे एक हजेरीबुक टांगले. ज्याने वार सांगितला त्याने त्या वारी सही करायची. तीन खाडे झाले की नाव कमी. काहीजण रागावले. प्रेमाला कसली हजेरी, म्हणाले. कुत्र्याला रोज भूक लागते, एवढेच आम्ही म्हटले.

मावशींचा पगार ठरवून घ्यायला आठ महिने लागले. स्वयंसेवक फुकट मिळतात, मग पगारी माणूस कशाला, असा युक्तिवाद झाला. त्यावर आम्ही सर्व स्वयंसेवकांनी एक आठवडा जायचे नाही असे ठरवले आणि तीन दिवसांतच पुन्हा गेलो, कारण आत कुत्री होती. मालकाविरुद्ध केलेला इतका फसलेला संप आमच्या नावावर दुसरा नाही. पण त्या तीन दिवसांत व्यवस्थापकांनी स्वतः पिंजरे धुतले आणि चौथ्या दिवशी पगाराची गोष्ट काढली. लस, हातमोजे आणि आठवड्याची सुटी त्यांनी मान्य केली.

ती सुटी गुरुवारची आहे. त्या दिवशी दोन माणसे कमी पडतात. सकाळी सातला यावे लागेल. गमबूट शेडीवर आहेत. लस मात्र आधी घेऊन या.