एक सभासद, दोन नोंदवह्या
(व्यावसायिक संघटनांची स्थानिक शाखा व राष्ट्रीय सदस्यत्व यांचा मेळ : व्याख्यानाची संहिता)



संस्थेचे सभासद किती, हा प्रश्न वरकरणी अगदी सोपा वाटतो. परंतु ज्या व्यावसायिक संघटनेची शाखा गोंदियात, पुढची पायरी राज्यात आणि मुख्यालय दिल्लीत असते, तिच्याबाबत हाच प्रश्न शाखेच्या सचिवास आणि मुख्यालयातील कारकुनास स्वतंत्रपणे विचारला, तर पुष्कळदा दोन निराळी उत्तरे येतात. शाखेच्या वहीतील काही नावे वर पोहोचलेलीच नसतात, आणि वरच्या यादीत गावाच्या नावाखाली अशीही मंडळी असतात, ज्यांना गाव सोडून दशक लोटले आहे. रोजकीर्दीत जमा आहे आणि खतावणीत नाही, असा हा प्रकार होय. दुकानात असे घडले तर दिवाळीपूर्वी मुनीम रात्रभर बसून ताळा जमवतो. संस्थांमध्ये मात्र तो वर्षानुवर्षे तसाच राहतो.

आरंभी एक भेद स्पष्ट असणे आवश्यक आहे. डॉक्टरास व्यवसायाचा अधिकार महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीने मिळतो, तर वकिलास महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या सनदेने. ही कायद्याची नोंदणी आहे, तिला पर्याय नाही. इंडियन मेडिकल असोसिएशनचे सदस्यत्व किंवा जिल्हा वकील संघाचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. मेळाचा प्रश्न उद्भवतो तो या ऐच्छिक संघटनांत, कारण येथे नाव नोंदले न गेल्यास दवाखाना बंद पडत नाही. म्हणून चूक ध्यानातही येत नाही.

इंडियन मेडिकल असोसिएशनचेच उदाहरण घ्यावे. १९२८ साली कोलकाता येथे ही संघटना स्थापन झाली. डॉ. जीवराज मेहता, डॉ. बिधानचंद्र रॉय, डॉ. अन्सारी अशी राष्ट्रीय चळवळीतील मंडळी तिच्या आरंभकाळात अग्रभागी होती. तिची रचना खालून वर जाणारी आहे. डॉक्टर आपल्या गावच्या शाखेकडे अर्ज करतो, शाखा तो राज्यशाखेकडे व तेथून मुख्यालयाकडे पाठवते, आणि वर्गणीचे तीन वाटे होतात : स्थानिक, राज्य व राष्ट्रीय. दार एकच, पण त्यातून आत येणारा एकाच वेळी तीन घरांचा सदस्य होतो. रचना उत्तम आहे. तिचे यश मात्र एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे शाखेने अर्ज आणि रक्कम वेळेवर पुढे धाडणे.

समजा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव येथील एखाद्या डॉक्टरने शाखेच्या खजिनदाराकडे वर्गणी भरली, पावती घेतली. तो दरमहा गोंदियास सभांना येतो, रक्तदान शिबिरात राबतो, शाखेच्या कार्यकारिणीवरही निवडून येतो. अर्ज मात्र कोणाच्या तरी कपाटातील फाइलीत पडून राहिला आणि त्याला मुख्यालयाचा सदस्यक्रमांक मिळालाच नाही. दहा वर्षे कोणाचे काही अडत नाही. मग एके दिवशी त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा उभा राहतो किंवा त्याचे अकाली निधन होते, आणि घरची मंडळी संघटनेच्या सामाजिक सुरक्षा योजनेची चौकशी करतात. अशा योजनांत नाव घालण्यासाठी आधी संघटनेचे वैध सदस्यत्व लागते. ते नसल्यामुळे नाव कधी चढलेच नव्हते, हे त्या दिवशी कळते. हातात शाखेची पावती असते, पण त्या पावतीवर राज्य वा राष्ट्रीय पातळीवर काहीही मागता येत नाही. हानी होते ती त्या कुटुंबाची. ज्याच्या कपाटात फाइल राहिली तो तोवर माजी पदाधिकारी झालेला असतो.

उलट प्रकारही घडतो. नागपुरात शिकलेला डॉक्टर तेथील शाखेचा आजीव सभासद होतो आणि पुढे तिरोड्यास रुग्णालय काढतो. तो काम गोंदियात करतो, मोजला मात्र नागपुरात जातो. वरच्या परिषदांवरील प्रतिनिधित्व सदस्यसंख्येशी निगडित असल्याने मोठ्या शहराचे पारडे विनाकारण जड होते आणि लहान जिल्ह्याचा आवाज तेवढाच क्षीण होतो. गोंदियात २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून बदलीवर येणाऱ्या व जाणाऱ्या अध्यापकांची त्यात भर पडली आहे. तेव्हा सदस्यत्वाच्या स्थलांतराची नोंद ही किरकोळ कारकुनी बाब राहिलेली नाही.

या प्रश्नाचा विचार विदर्भाच्या भूमीवर शंभर वर्षांपूर्वीच झाला होता. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. वर्ध्याचे जमनालाल बजाज स्वागताध्यक्ष होते. प्रतिनिधींची संख्या १४,००० च्या वर गेली, कारण तोपर्यंत प्रतिनिधी कोणी व्हावे याला फारसा धरबंधच नव्हता. त्याच अधिवेशनात गांधीजींच्या पुढाकाराने नवी घटना स्वीकारली गेली. चार आणे वर्गणी भरणारा प्राथमिक सभासद. त्यावर गाव, तालुका, जिल्हा व प्रांत अशा चढत्या समित्या. आणि लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी. राजकीय पक्ष आणि व्यावसायिक संघटना यांत अंतर आहे हे खरे. तथापि गावातल्या चार आण्यांचे नाते अखिल भारतीय समितीशी जोडण्याची ती युक्ती आजही कोणत्याही संघटनेने अभ्यासावी अशी आहे.

सनदी लेखापालांची व्यवस्था याच्या अगदी उलट, म्हणजे वरून खाली येते. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचे सदस्यत्व मुळातच राष्ट्रीय आहे. प्रादेशिक परिषद सदस्याच्या व्यावसायिक पत्त्यावरून आपोआप ठरते, वेगळा अर्ज नाही. त्यामुळे एकही माणूस दोन याद्यांत अडकत नाही. या पद्धतीला तिचा म्हणून एक दोष आहे. गोंदियाचा लेखापाल पश्चिम विभागात, म्हणजे मुंबईच्या परिषदेखाली येतो. येथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरील बालाघाटचा लेखापाल मध्य प्रदेशात असल्याने मध्य विभागात, म्हणजे कानपूरच्या परिषदेखाली जातो. दोघांचे पक्षकार पुष्कळदा तेच, तांदळाचा व्यापार तोच, प्रवासाची रेल्वेगाडीही तीच. कागदावर मेळ निर्दोष आहे, पण शेजारधर्म त्यात कोठे बसत नाही. सीमेवरच्या जिल्ह्यांत अशा संघटनांनी संयुक्त अभ्यासवर्गांची वाट मोकळी ठेवावी, हे यातून सहज सुचते.

वकिलांच्या बाबतीत प्रश्न मतदानाचा झाला. एकच वकील अनेक संघांचा सदस्य असे आणि प्रत्येक ठिकाणी मत देई. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्या वकील संघाच्या प्रकरणात ‘एक संघ, एक मत’ हे तत्त्व उचलून धरले. सदस्यत्व अनेक असू शकते, मतदानाचे घर एकच असावे, असा त्याचा आशय. रोटरीची तऱ्हा आणखी निराळी आहे. तेथे आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य व्यक्ती नसून क्लब असतो, आणि १ जुलै व १ जानेवारी या दोन दिवशीच्या संख्येवर क्लबकडून आकारणी होते. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या १९६९ च्या संस्थेत आधी मुख्य संस्थेचे सदस्यत्व, मगच गावच्या शाखेचे.

यांतील कोणतीही पद्धत निवडली तरी चालेल. दोन पद्धतींची सरमिसळ मात्र घातक ठरते. याचे कारण कायद्यातही आहे. स्थानिक शाखा जर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली स्वतंत्रपणे नोंदलेली असेल, तर ती कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र संस्था ठरते. तिची घटना तिची, तिचे लेखापरीक्षण तिचे, तिच्या विश्वस्तांतील फेरबदलाचा बदल अर्जही तिनेच धर्मादाय कार्यालयात द्यावयाचा. १८६० च्या कायद्यानुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली, त्यास मतदानाचा हक्क राहत नाही आणि तो सभासदांत मोजलाही जात नाही. म्हणजे दिल्लीचा आजीव सभासद गोंदियाच्या वार्षिक सभेत मतहीन ठरू शकतो. दोन्ही घटना शेजारी ठेवून वाचल्याखेरीज हे सहसा लक्षात येत नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. अशा प्रसंगी तर ‘जिल्हा’ शब्द नावात असलेल्या प्रत्येक संस्थेने आपले कार्यक्षेत्र, आपली यादी आणि वरच्या संघटनेतील आपली नोंद, तिन्ही एकदमच तपासावयास हवीत.

पैशाविषयी थोडे अधिक. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास शाखा-हिशेबात ‘मार्गस्थ रक्कम’ नावाचे खाते शिकवितात. शाखेने धाडलेली, परंतु मुख्य कार्यालयास अद्याप न मिळालेली रक्कम त्यात दाखवतात. सभासदाने भरलेल्या वर्गणीतील राज्याचा व राष्ट्राचा वाटा हा शाखेच्या उत्पन्नात धरणे चूक आहे. तो देणे या सदरात दिसला पाहिजे आणि धाडल्यावर पोच येईपर्यंत मार्गस्थ राहिला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी तो उत्पन्नात मिसळून जातो, सभागृहाच्या खुर्च्यांवर खर्च होतो, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून गेल्या वर्षीचा वाटा भागवला जातो. कोणी अपहार केलेला नसतो, तरी एका सभासदाचे वर्ष बुडालेले असते.

यावर उपाय खर्चिक नाही. पावतीवर तिन्ही वाटे वेगळे छापावेत. अर्ज पुढे धाडल्याची तारीख आणि आलेला सदस्यक्रमांक यांसाठी सभासदवहीत दोन रकाने असावेत. मुख्यालयाची यादी वर्षातून एकदा मागवून वार्षिक सभेपूर्वी ती शाखेच्या यादीशी नावानिशी ताडावी, आणि न जुळणारी नावे सभेपुढे वाचून दाखवावीत. यात काहींना संकोच वाटेल, कारण कार्यकारिणीवरील एखाद्याचेच नाव वर नसल्याचे उघड होईल. होऊ द्यावे. आणि पदभार देताना मावळत्या सचिवाने शिक्के, चेकबुके व इतिवृत्त यांच्याबरोबर प्रलंबित अर्जांची यादीही नव्या सचिवाच्या हाती द्यावी, दोघांनी तिच्यावर सही करावी, आणि तिची एक प्रत त्या त्या अर्जदारास त्याच आठवड्यात पोहोचवावी.