परीक्षागृहाचा खर्च कोणी सोसला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



परीक्षा हा विद्यापीठाच्या कारभारातला विषय. त्याची चर्चा ह्या अभ्यासवर्गात कशासाठी, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. परंतु ज्या घरात प्रथमच कोणी पदवीपर्यंत पोहोचते, त्या घराला नोकरीच्या बाजारात दाखवता येईल असा गुणपत्रिकेखेरीज दुसरा आधार नसतो. ती कोणत्या परिस्थितीत मिळवावी लागते, हा म्हणूनच सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

२०२० सालचा घटनाक्रम आठवून पाहा. करोनाच्या साथीमुळे अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याची भूमिका महाराष्ट्र सरकारने जूनमध्ये घेतली. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने, ह्या परीक्षा सप्टेंबरअखेर घेतल्याच पाहिजेत, असे बजावले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही, राज्यांना हवी तर मुदत वाढवून मागता येईल, असा निकाल २८ ऑगस्टला लागला. त्यानंतर आपल्या विद्यापीठांनी घाईघाईने ऑनलाइन परीक्षांची सिद्धता केली आणि ऑक्टोबरात बहुसंख्य विद्यार्थ्यांनी बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरे घरबसल्या दिली.

ह्या ‘घरबसल्या’ शब्दाकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहण्याची गरज आहे. परीक्षा केंद्र ही एक सार्वजनिक सोय होती. छप्पर, बाक, उजेड, पाणी, शांतता आणि पर्यवेक्षक ह्या सर्वांची तजवीज संस्था करीत असे. बागायतदाराचा मुलगा आणि त्याच्याच मळ्यातल्या सालगड्याची मुलगी ह्यांना तेथे सारखाच बाक मिळे आणि एकाच घंटेला दोघांचीही वेळ संपे. बाहेरची विषमता त्यामुळे नाहीशी होत नव्हती. पण तीन तासांपुरते तरी तिला दाराबाहेर थांबावे लागत होते. परीक्षा घरी आली तेव्हा ही तजवीज करण्याचा भार विद्यापीठाच्या खांद्यावरून कुटुंबाच्या खांद्यावर गेला.

कुटुंबांची ऐपत काय होती? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीचे, म्हणजे २०१७–१८चे, आकडे उपलब्ध आहेत. देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी संगणक होता ४.४ टक्क्यांकडे, शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्क्यांकडे. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के कुटुंबांना होती, शहरांत ४२ टक्क्यांना. ही दरी सरकारच्या दप्तरात आधीच नोंदलेली होती. ती अनपेक्षित होती, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

त्या काळात विद्यार्थ्यांनी जे सांगितले, ते ह्या आकड्यांमागचे वास्तव आहे. घरात मोबाइल एकच, आणि तो घेऊन वडील कामावर जाणार. रेंजसाठी गच्चीवर, टेकडीवर किंवा शेजारच्या गावी जायचे. प्रश्नपत्रिका उघडायला वेळ लागला तरी घड्याळ थांबत नाही. उत्तरे पाठवण्याच्या क्षणी संपर्क तुटतो आणि मदतीसाठी दिलेला क्रमांक लागत नाही. केंद्रावर निदान पर्यवेक्षकाला हाक मारता येत होती. येथे पडद्याखेरीज समोर कोणी नव्हते. जेथे कॅमेऱ्यातून देखरेख होती, तेथे एका खोलीच्या घरात मागून आई गेली तरी गैरप्रकाराचा संशय येईल, ही धास्ती. एवढे सोसूनही पुढे नोकरीच्या दारात ‘तुम्ही करोनाच्या वर्षातले पदवीधर’ हा टोमणा ऐकावा लागला. वास्तविक परीक्षेची ही पद्धत त्यांनी निवडलेली नव्हती.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, पुढे २०२२ मध्ये केंद्रांवरील परीक्षा पूर्ववत होताना अनेक विद्यार्थ्यांनीच ऑनलाइन परीक्षा मागितली होती. हे खरे आहे. दोन वर्षे लिहिण्याचा सराव तुटला होता, बहुपर्यायी प्रश्नांत गुण सहज मिळत होते, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च वाचत होता. अपंग आणि नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांची तर ती खरोखरीची सोय होती. तिची टिंगल करण्याचे कारण नाही. मात्र ह्या मागणीमुळे ज्यांच्याकडे साधने नव्हती त्यांचा प्रश्न सुटत नाही.

माझा विरोध यंत्राला नाही. राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा संगणकावर होते, पण ती केंद्रावर होते. यंत्र, वीज आणि जागा विद्यार्थ्याला आणावी लागत नाही. विरोध आहे तो यंत्राच्या आडून जबाबदारी झटकण्याला. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरवले. कायद्याने निकालाला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत असताना काही निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. परंतु निकालाअभावी ज्यांचे पुढचे प्रवेश हुकले, त्यांचे वर्ष कोणी भरून दिले?

तेव्हा आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. परीक्षा संगणकावर घ्यायची तर तिची साधने आणि जागा प्रत्येक तालुक्यात विद्यापीठाने पुरवली पाहिजेत. यंत्रणा बिघडली तर शुल्क न घेता फेरपरीक्षा, हा विद्यार्थ्याचा हक्क मानला पाहिजे. तक्रार ठराविक दिवसांत माणसाने ऐकावी आणि लेखी उत्तर द्यावे. जेथे विचार मांडण्याची क्षमता पाहायची, तेथे केवळ तपासणीच्या सोयीसाठी बहुपर्यायी प्रश्न आणू नयेत.

ह्यासाठी मोठ्या मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपापल्या तालुक्यातील महाविद्यालयांत जा, विद्यार्थ्यांच्या तक्रारी तारीखवार लिहून घ्या, त्यांच्या सह्यांनिशी त्या विद्यापीठाच्या अधिसभा सदस्यांकडे पोहोचवा. संपर्क तुटल्यामुळे नापास ठरलेली मुलगी स्वतःलाच दोष देत घरी बसते. हा दोष तिचा नाही, हे तिला सांगणे आणि ज्यांचा आहे त्यांच्यापुढे तो मांडणे, हे काम आपण अंगावर घ्यावे, एवढेच माझे सांगणे आहे.