उद्यान सर्वांचे, मग आराखडा कोणाचा?

(मुंबईतील एका बुद्धविहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सार्वजनिक बागेच्या फाटकाशी आज आपणांस कोणी जात विचारीत नाही. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या जोडीनेच, सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा जनतेसाठी खुल्या केलेल्या जागांच्या वापरातही जातीच्या कारणावरून अटकाव करण्यास मनाई केली आहे. तेव्हा हा प्रश्न आता मिटला, असे आपल्यातील पुष्कळ सुशिक्षितांस वाटते. मला तसे वाटत नाही. बागेत जाण्याचा हक्क ही एक गोष्ट. बागेचे पुढे काय व्हावे हे ठरविण्याचा हक्क ही दुसरी. पहिला मिळाला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही, आणि दुसरा हाती नसेल तर पहिलाही हळूहळू काढून घेता येतो.

महाडचा इतिहास आपण दरवर्षी २० मार्चला सांगतो. मात्र त्यातील एका गोष्टीपाशी आपण पुरेसे थांबत नाही. चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. १९२७ मध्ये परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या लोकांनी प्रत्यक्ष पाणी घेतले, आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला! पुढे उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. तळे तेच, पाणी तेच. ठरावाने दिले, ठरावाने काढून घेतले. ज्यांना त्या पाण्याची गरज होती ते तळ्याच्या काठी उभे होते आणि ठराव दुसरीकडे होत होते.

आजचा ठराव जातीचे नाव घेत नाही. तो तिकिटाचा दर लिहितो. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, हे १८६२ पासून गिरणगावाच्या आणि आसपासच्या कष्टकरी वस्त्यांच्या सुट्टीच्या दिवसाचे ठिकाण आहे. तेथे मोठ्या माणसास ५ रुपये व मुलास २ रुपये तिकीट होते. पेंग्विन आणले, नवी दालने उभी राहिली, आणि २०१७ च्या ऑगस्टपासून मोठ्यांस ५०, मुलांस २५, तर आईबाप व दोन मुले अशा कुटुंबास १०० रुपये असा दर झाला. पूर्वी याच कुटुंबास १४ रुपये पुरत असत. पशुपक्षी सांभाळण्यास पैसा लागतो हे मी नाकारीत नाही. परंतु दर ठरण्यापूर्वी नागपाड्याच्या किंवा माझगावच्या एखाद्या गल्लीत जाऊन, 'तुमच्या घरची चार माणसे महिन्यातून एकदा येथे येतात, त्यांना किती परवडेल?' हा साधा प्रश्न विचारण्यास काय हरकत होती? मोलकरणीच्या किंवा सफाई कामगाराच्या मुलास त्या फाटकाशी अस्पृश्य म्हणून कोणी परत पाठवीत नाही. तो स्वतःच परत फिरतो, आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

आता महालक्ष्मीच्या रेसकोर्सकडे पाहा. शर्यतीच्या क्लबाच्या भाडेपट्ट्याची मुदत २०१३ मध्ये संपली होती. सुमारे २११ एकरांपैकी १२० एकरांवर सार्वजनिक उद्यान करावे व उरलेली जागा क्लबाकडे ठेवावी, असा निर्णय २०२४ साली झाला. उद्यान होणार याचा मला आनंदच आहे. मुंबईसारख्या शहरात १२० एकर मोकळी जमीन म्हणजे फार मोठे धन आहे. परंतु त्या प्रस्तावावर जानेवारी २०२४ मध्ये मतदान झाले ते क्लबाच्या सभासदांचे. जमीन शासनाची व महापालिकेची, म्हणजे जनतेची. सात रस्त्याचे धोबी आणि वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील कुटुंबे तेथून पायी जाण्याच्या अंतरावर राहतात. त्यांनी मोकळ्या हिरवळीसाठी हात वर करावा की वाहनतळासाठी, हे विचारणारी मतपत्रिका कोणी छापली नाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते की, संसदीय कार्यपद्धती या देशास परकी नाही. ती भिक्षुसंघास ठाऊक होती. धम्मदीक्षा घेतलेल्यांनी ही पद्धती केवळ अभिमानाने सांगण्याची बाब मानू नये. संघात प्रथम ज्ञप्ती, म्हणजे प्रस्ताव, मांडीत. महत्त्वाच्या कामात त्यानंतर तीन वेळा विचारीत. मतभेद मिटला नाही तर शलाका वाटून मत घेत. आणि जो भिक्षू आजारी असे, त्याची संमती दुसऱ्या भिक्षूने सभेत आणून सांगावयाची. तिला पालीत 'छंद' म्हणतात (आजच्या अर्थाचा छंद नव्हे). अंथरुणावर पडलेल्यास वगळून निर्णय करावयाचा नाही, इतका हा कटाक्ष! आमच्या महापालिकांच्या नोटिशीत तो कोठे आढळतो?

तरीही कायद्यात एक दार आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास आराखडा मंजूर करण्यापूर्वी, तसेच बागेचे आरक्षण बदलावयाचे झाल्यास, सूचना व हरकती मागवाव्याच लागतात. हे दार अगदीच खोटे नाही. मुंबईच्या विकास आराखड्याचा फेब्रुवारी २०१५ चा मसुदा हजारो हरकती आल्यावर शासनाने दोन-तीन महिन्यांत बाजूस ठेवला आणि तो नव्याने करावयास लावला. पण त्या हरकती लिहिणारे हात किती आपले होते? पुतळ्याच्या जागेचा प्रश्न निघाला की आपण एका रात्रीत हजार माणसे उभी करतो. बागेच्या आराखड्यावरील अर्जास दहा सह्या मिळविताना कार्यकर्त्याच्या चपला झिजतात. हे कटू आहे, पण आपल्याच व्यासपीठावर बोलावयाचे नाही तर कोठे बोलावयाचे?

म्हणून माझी सूचना अशी. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येणारी अशी नोटीस विहारातील एकाने कापून आणावी आणि रविवारच्या वंदनेनंतर मोठ्याने वाचून दाखवावी. नकाशा मागवावा व भिंतीवर लावावा. मग वस्तीस तीन वेळा विचारावे: तिकीट असावे काय, दुपारी कामावरून सुटलेल्या बाईस सावलीत बसता यावे म्हणून फाटक उघडे राहावे काय, पिण्याचे पाणी व शौचालय कोठे असावे, मुलांचे मैदान ठेवावे की तेथे उपाहारगृह व्हावे. शेजारच्या मुसलमान व इतर वस्त्यांसही बोलवावे. बाग एकट्या आपली नाही. जे ठरेल ते लिहून, मुदतीच्या आत, पोच घेऊन कार्यालयात द्यावे आणि सुनावणीस जाताना लिहिणाऱ्या तरुणाबरोबर त्या बागेत रोज बसणारी एखादी आजीही न्यावी. ज्याची रात्रपाळी आहे, जी बाळंतीण आहे, ज्याला जिना उतरवत नाही, त्यांचा छंद शेजाऱ्याने सभेत आणावा व तो अर्जात त्यांच्या नावानिशी लिहावा.