उतार सगळ्यांच्या सोयीचा
(प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर सोसायटीच्या आवारात केलेले भाषण)



माझी सारी नोकरी बँकेत नोटा मोजण्यात आणि मोजून घेण्यात गेली, म्हणून सुरुवात नोटेपासूनच करतो. शंभराच्या नव्या नोटेवर बोट फिरवा, उठावदार त्रिकोण हाताला लागेल. पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. कडेला तिरक्या रेघा, शंभरावर ४ आणि पाचशेवर ५. ही सोय दृष्टिहीनांसाठी केलेली. पण अंधारात सुटे पैसे देणाऱ्या भाजीवाल्या मावशींना ती उपयोगी पडते, आणि खोटी नोट बोटांनी ओळखणाऱ्या कॅशियरलाही.

आता आपल्या प्रवेशद्वाराकडे बघू. २५ वर्षांपूर्वी राहायला आलो तेव्हा आपण तरुण होतो, दारातल्या ३ पायऱ्या कुणाच्या लक्षातही आल्या नाहीत. आज लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पोचायला त्या पायऱ्या आहेतच. रॅम्पचा विषय निघाला की काहीजण विचारतात, "व्हीलचेअरवाले आहेत तरी किती?" मंडळी, मोजणी इथेच चुकते. गॅसचं सिलिंडर, पाण्याचे जार, बाबागाडी, चाकांची बॅग, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आपण, आणि देव न करो, स्ट्रेचर. सगळे त्याच दारातून जाणार ना?

हिशोब सोपा आहे. ६ इंचांच्या ३ पायऱ्या म्हणजे १८ इंच उंची. उतार एकास बारा ठेवायचा, म्हणजे रॅम्प १८ फूट लांब. दोन्ही बाजूंना कठडा, आणि पावसात पाय घसरणार नाही अशी फरशी. जागा वाचवायला उतार तीव्र केला, तर तो नसल्यासारखाच. यासाठी पाच-सहा दुचाकी मागच्या बाजूला हलवाव्या लागतील. त्यात आमच्या चिरंजीवांची स्कूटरही आहे, घरात कुरबूर सुरू झाली आहेच!

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, पण शेजाऱ्यांना मी कायद्याचा धाक दाखवणार नाही. आज बी विंगमधल्या आजींना आपल्या मुलांनी खुर्चीसकट उचलून खाली आणलं. मुलांचं कौतुकच आहे. पण आजी मला हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी नको हो, संकोच वाटतो."

येत्या सर्वसाधारण सभेत रॅम्पचा ठराव येतो आहे. हात वर करताना एवढंच आठवा, की आणखी पंचवीस वर्षांनी आपणही इथेच राहणार आहोत.

जय हिंद, जय महाराष्ट्र!