मूत्राशयाचा कर्करोग : रेणवीय खुणा आणि रुग्णाचे आयुष्य



मूत्राशयाच्या कर्करोगाचे निदान झाले की रुग्णाचे घर एकच प्रश्न विचारते : ‘आता पुढे किती काळ?’ या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. एक गाठ वर्षानुवर्षे मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरतीच राहते, तर दुसरी स्नायूत शिरून दूरवर पसरते. हा भेद आधीच ओळखता यावा म्हणून शास्त्रज्ञ रेणवीय खुणांकडे, म्हणजे पेशीतील जनुकांत व प्रथिनांत घडणाऱ्या बदलांकडे, वळले.

१९८२ साली अमेरिकेतील संशोधकांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींमधील ‘एच-रास’ जनुकात एका अक्षराचा फरक दाखवून दिला. ग्रंथात एक अक्षर चुकावे आणि वाक्याचा अर्थच पालटावा, तसे हे होते.

पुढे ‘पी-५३’ या प्रथिनाकडे लक्ष गेले. पेशींच्या अनावर वाढीला आवर घालणे हे त्याचे काम. १९९४ साली लॉस एंजेलिस येथे, शस्त्रक्रियेने मूत्राशय काढलेल्या २४३ रुग्णांच्या गाठी तपासण्यात आल्या. ज्यांच्या पेशीकेंद्रांत हे प्रथिन साचलेले आढळले, त्यांच्यात रोग अधिक वेळा उलटला व मृत्यूचे प्रमाणही अधिक होते. आशा पल्लवित झाली.

परंतु मागे वळून पाहताना दिसलेली खूण पुढच्या वाटेवर दिवा होईलच, असे नाही. ही खूण असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी दिल्यास लाभ होतो काय, याची रीतसर चाचणी झाली. ५२१ जणांची नोंदणी झाली. त्यांपैकी ११४ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत केमोथेरपीचा लाभ दिसला नाही. खुणेवरून रोग उलटण्याचा अंदाजही बांधता आला नाही. अनेकांनी गटवाटणीस नकार दिल्याने चाचणी दुबळी राहिली, हेही नमूद केले पाहिजे.

‘एफजीएफआर-३’ या जनुकाची कथा निराळी आहे. त्यातील बदल पुष्कळदा सौम्य गाठींत आढळतो. पण पसरलेल्या रोगात तोच बदल औषधाचे लक्ष्य ठरला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, असे जनुकीय बदल असलेल्या व आधी उपचार झालेल्या रुग्णांचे मध्यक आयुष्य केमोथेरपीने ७.८ महिने, तर एर्डाफिटिनिब या औषधाने १२.१ महिने भरले. वाढ चार महिन्यांची. पण त्या घरांना तिचे मोल विचारावे.

तात्पर्य, खूण म्हणजे ललाटलेख नव्हे. जी खूण योग्य उपचाराची निवड करून देते, तीच रुग्णाच्या खऱ्या कामाची. आणि सर्वांत जुनी खूण तर प्रयोगशाळेवाचूनही दिसते : लघवीवाटे, वेदना नसतानाही, जाणारे रक्त. ते एकदाच दिसले तरी वैद्यांना दाखवावे आणि तंबाखूचे व्यसन सोडावे. एवढे जरी या व्याख्यानातून घरोघरी पोहोचले, तरी ते सार्थकी लागले म्हणावयाचे.