गिरणीचा भोंगा आणि गांवचें घर



आज येथें जमलेल्या मंडळींत नांगर धरणारे आहेत, भाता फुंकणारे आहेत, माग चालविणारेही आहेत. सातारा, रत्नागिरी, पुणें, नगर या जिल्ह्यांत असें घर क्वचितच सांपडेल, कीं ज्या घरचा आजा, चुलता किंवा मामा मुंबईच्या गिरणींत गेला नव्हता. तेव्हां ही गोष्ट आम्ही परक्याची म्हणून सांगत नाहीं. ती आपल्याच घरच्या मीठभाकरीची आहे.

मुंबईंत सुताची पहिली गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनीं काढली. कंपनी १८५४ सालीं उभी राहिली व ताडदेव येथें काम सुरू झालें तें १८५६ सालीं. पुढें गिरण्या वाढत गेल्या. घरोघरचा चरखा बंद पडत गेला. साळी-कोष्टी यांनीं गिरणीचें सूत घेऊन आपले माग कसेबसे चालूं ठेवले. शेतावर सारा व सावकार बसलेलाच होता. मग घरांतला एक धडधाकट गडी उठे आणि मुंबईची वाट धरी.

तेथें त्याला कोण पुसे? गांववाल्याच्या खोलींत पथारी, खाणावळवालीकडे उधारीची भाकरी, आणि काम पाहिजे तर मुकादमाचे पाय धरणें. सकाळीं गिरणीच्या दारांत बदलीवाल्यांचा घोळका उभा राही. आज कोणाला आंत घ्यावयाचें हें मुकादम ठरवी. त्याला दस्तुरी द्यावी लागे. बायकांच्या खात्यांत नायकीण असे, तिचाही हात ओला करावा लागे. मालकाचें तोंडही मजुरानें कधीं पाहिलेलें नसे. त्याचा मालक म्हणजे मुकादम.

आतां पगाराची गोष्ट नीट ऐका, कारण फांस तेथेंच होता. एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याचे निदान पंधरा दिवस उलटल्यावर हातीं पडे. कांहीं ठिकाणीं त्याहूनही उशिरां. म्हणजे पहिल्या तारखेस कामाला लागलेल्या गड्यानें पहिला रुपया पाहावयाचा तो दीड महिन्यानें. तोंवर त्यानें खावें काय? वाण्याची उधारी आणि सावकाराचें कर्ज! रुपयास दरमहा एक आणा व्याज हा दर तेव्हां सर्रास चाले. म्हणजे वर्षाला शेंकडा ७५. गांवच्या सावकाराला भिऊन पळालेला कुणबी शहरच्या सावकाराच्या दारांत जाऊन पडे. बरें, काम सोडून जावें म्हटलें, तर न सांगतां गेल्यास मालकाकडे अडकलेला पगार बुडे. बैलाला दावें बांधतात, मजुराला त्याच्याच घामाच्या पैशानें बांधलें होतें.

शिवाय दुहेरी खाडा होता. एक दिवस गैरहजर राहिलें, तर कांहीं गिरण्यांत दोन दिवसांचा पगार कापीत. आणि विणतांना कापड खराब झालें, तर तें कापड विणकराच्याच माथीं मारून त्याची किंमत पगारांतून वळती करीत. सूतच कच्चें असेल, साचा नादुरुस्त असेल, तें कोणी विचारूं नये!

काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. हिवाळ्यांत दिवस लहान म्हणून थोडें कमी, उन्हाळ्यांत मोठा म्हणून जास्त. आठवड्याची ठराविक सुटी नसे. जी असे, त्या दिवशींही सकाळीं यंत्रें पुसावयास यावें लागे. १८८१ सालीं पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यानें सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्याची बंदी केली व सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. म्हणजे आठ वर्षांच्या पोरानें नऊ तास सुतांत राबावें ही सुधारणा झाली! मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यांत कांहींच नव्हतें. या कायद्यामागें मँचेस्टरच्या मालकांची खटपट होती, आणि ती कांहीं भूतदयेपोटीं नव्हती. इकडचा माल महाग व्हावा एवढीच त्यांची इच्छा. तें धरून आमच्याकडील बहुतेक पांढरपेशीं राष्ट्रीय पत्रें कायद्याच्या विरुद्ध लिहीत. आम्ही विचारतों, मँचेस्टरचा हेतु वाईट म्हणून परळच्या पोराचे तास वाढवावे काय?

मजुराची बाजू घेऊन उभे राहिले ते नारायण मेघाजी लोखंडे. जन्म ठाण्याचा, जातीनें माळी, ज्योतीराव फुले यांचे सत्यशोधक सहकारी. त्यांनीं स्वतः एका गिरणींत नोकरी केलेली, म्हणून आंतलें सगळें ठाऊक. ‘दीनबंधु’ पत्र मुंबईहून तेच चालवीत. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं मजुरांच्या सभा घेतल्या व सुमारें ५,५०० मजुरांच्या सह्यांचा अर्ज सरकारनें नेमलेल्या कमिशनपुढें ठेवला. मागितलें काय? दर रविवारीं सुटी. दुपारीं अर्धा तास विसांवा. काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावें. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. यंत्रांत सांपडून जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, आणि जन्माचा लुळा झाल्यास पोटगी. पगार पंधरा तारखेला तरी द्या, एवढीच विनवणी! ज्यांना ही मागणी मोठी वाटली, त्यांची पोटें किती भरलेलीं असतील याचा विचार तुम्हीच करा.

सहा वर्षें गेलीं. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईंत सुमारें दहा हजार मजुरांची सभा भरली. तींत दोन गिरणकामकरी बायाही उभ्या राहून बोलल्या. ही गोष्ट आमच्या भगिनींनीं ध्यानांत ठेवावी. त्यानंतर जून महिन्यांत मालकसंघानें रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षीं, १८९१ सालीं, ती कायद्यांत आली. मुलांचें वय नऊवर गेलें, बायांना अकरा तासांची मर्यादा झाली. लोखंडे १८९७ सालीं प्लेगच्या सांथींत वारले.

पुढचा प्रवास गोगलगाईचा. विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची आडकाठीही गेली. १९०५ च्या सुमारास कित्येक गिरण्या चौदा-पंधरा तास चालत. पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली ती १९११ सालीं, आठवड्याला साठ तासांची १९२२ सालीं, अठ्ठेचाळीस तासांची १९४६ सालीं. अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ चा. आणि पगार वेळेवर देण्याचा कायदा? तो १९३६ चा. लोखंड्यांच्या अर्जाला तोंवर ५२ वर्षें झालीं होतीं.

एक कडू गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कापडखात्यांत पगार अधिक. पण तेथें महार-मांग बंधूंना आमचेच जातवाले विणकर शिरूं देत नसत. कारण काय, तर धोट्याच्या भोंकांतून धागा तोंडानें ओढावा लागे, म्हणून विटाळ! एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडीं गेला तर क्षयासारखा रोगही जाऊं शकतो, तो कोणत्याच जातीचा नसतो. त्याची भीति वाटली नाहीं, विटाळाची वाटली. १९२८ च्या मोठ्या संपांत डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. भटशाहीला नांवें ठेवणाऱ्यांनीं त्या साच्यापाशीं आपलें तोंड आधीं आरशांत पाहावयास हवें होतें.

तो संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. इतके महिने हजारों माणसें जगलीं कशावर? कितीएक गांवीं परतले आणि घरच्या नाचणी-जोंधळ्यावर राहिले. हीच गोष्ट आजारपणाची, बाळंतपणाची, म्हातारपणाची. गिरणीनें माणूस घेतला तो ऐन उमेदींतला. त्याला वाढविला गांवच्या घरानें, आणि खोकत परत आल्यावर पोसला तोही गांवच्या घरानें. मालकाच्या वह्यांत हा खर्च कोठेंच लिहिलेला नाहीं. मजुरी इतकी थोडी देतां आली, ती मागें कोणाची तरी सासू दळीत होती म्हणून.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारपणाखालीं सुमारें अडीच लाख कामकरी पुन्हा संपावर गेले. तेव्हांही हजारों लोक गांवाकडे वळले, आणि गांवानें त्यांना पुन्हा ताटांत वाढलें. तो संप रीतसर मागें घेतल्याचें कधीं जाहीरच झालें नाहीं. या वेळीं मात्र एक लाखाहून अधिक लोकांना गिरणीनें परत बोलाविलें नाहीं. पुढें गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले, आणि ट्रंक घेऊन परतलेला गडी घरच्या अर्ध्या एकरांत भावाच्या वांट्याला वांटेकरी झाला.