सिमेंट-सळईचा हिशेब मोबाइलवर

बांधकामावर सिमेंट, सळई, वाळू, खडी किती आली, किती लागली आणि किती शिल्लक आहे, याचा हिशेब मोबाइलवर ठेवावा, असं रेणापूर, पानगाव, खरोळा भागातल्या गुत्तेदारांना, मिस्त्रींना आणि घर बांधणाऱ्या प्रत्येकाला माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आज आपल्याकडे हिशेब असतो तो दुकानदाराच्या उधारीच्या वहीत. माल कधी नेला, पैसे किती राहिले, एवढं त्यातून कळतं. पुढे तो माल कुठं मुरला, याला कागद नाही. घरमालकाच्या खिशात चलानं, मिस्त्रीच्या डोक्यात आकडे. दहा-बारा बॅगा कमी भरल्या की सगळ्यांचं बोट वॉचमनकडं जातं. नोंद नसल्यामुळं गरिबाच्या माथी आळ येतो, हे मला फार लागतं.

आपल्या लातूर जिल्ह्याला तर हा विषय जिव्हाळ्याचा असायला हवा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, हजारो जीव गेले. तेव्हापासून आपला भरवसा सिमेंट-सळईवर बसला. पण सिमेंट जुनं असेल, सळई बारीक असेल, तर त्या भरवशाला आधार कसला?

सिमेंटचंच घ्या. 50 किलोच्या बॅगेवर ते कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात तयार झालं ते छापलेलं असतं. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्शानं घटते. ओल लागली तर त्याहून लवकर. म्हणून बॅगा उतरवताना तो आठवडा मोबाइलमध्ये लिहायचा आणि जुनी बॅग आधी फोडायची. नाहीतर नवा माल पुढे रचला जातो, जुना भिंतीकडं तसाच राहतो आणि शेवटी तोच गिलाव्याला जातो.

सळईचा हिशेब तर अगदी चोख करता येतो. व्यासाचा मिलिमीटरमधला आकडा घ्या, त्याचा वर्ग करा, 162 ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 मिमीची 12 मीटर लांब सळई भरते 10.66 किलो. अशा 50 सळया काट्यावर 533 किलोच्या आसपास भरायला हव्यात. मानकात या जाडीच्या लॉटला पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे 506 किलोपर्यंत ठीक. काटा 480 दाखवत असेल, तर गाडी रिकामी करण्याआधीच दुकानदाराला फोन करा. हे सूत्र मोबाइलवरच्या तक्त्यात एकदा भरून ठेवलं, की पुढे नुसता नग टाकायचा.

हाच तक्ता खर्चही तपासतो. हजार चौरस फुटांचा, पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे 11.8 घनमीटर काँक्रीट. नेहमीच्या एम-20 मिश्रणाला घनमीटरमागे आठ बॅगा धरल्या, तर बीम सोडून 94 च्या आसपास बॅगा लागतात. नोंद 70 ची असेल, तर माल कमी पडला की दुसरीकडं गेला, हे इंजिनिअरला त्याच संध्याकाळी विचारता येतं. महिनाभरानं विचारून उपयोग नाही, तोवर स्लॅब आवळलेला असतो.

वाळूच्या बाबतीत सरकारनं अशी डिजिटल नोंद आधीच सुरू केलीय. महाखनिज प्रणालीवर वाहतूक पास निघतो, त्यावर गाडी आणि माल नोंदलेला असतो. आपण फक्त त्या पासाचा फोटो आपल्या नोंदीला जोडायचा आणि टिप्पर मोजून ब्रास लिहायचे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. घरकुल असेल तर मोफत मिळणाऱ्या पाच ब्रास वाळूचा हिशेबही तिथंच ठेवावा.

महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. नेट नसताना चालणारा साधा तक्ता पुरे, रकाने मराठीत. एक अट मात्र मी सोडणार नाही : नोंद माल उतरवून घेणाऱ्यानंच आणि त्याच वेळी करायची. रात्री घरी बसून मालकानं आठवून भरलेले आकडे म्हणजे पुन्हा अंदाजच. मिस्त्रीला लिहिणं जड जात असेल, तर त्यानं चलानाचा आणि बॅगेवरच्या छापाचा फोटो काढून पाठवावा, घरातल्या शिकलेल्या पोरीनं तो तक्त्यात चढवावा. आणि दर शनिवारी, मजुरीचं वाटप होण्याआधी, उरलेल्या बॅगा मोजून तक्त्याशी ताळा घालावा.